हिवाळा, समुद्र आणि घरची माणसं : तुमचे अनुभव सांगा

नागावची_भाची

आज ठाण्यात भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत वालाच्या शेंगा दिसल्या. टपोऱ्या, भरलेल्या. घेतल्या अर्धा किलो, आणि घरी येईपर्यंत डोक्यात भांबुर्ड्याच्या, या शेंगा मडक्यात भाजताना घालतात त्या रानपाल्याचाच वास.

आमचं आजोळ नागावचं, अलिबागजवळ. मे महिन्यात जायचो तेव्हा घर म्हणजे कारखाना. आंबे उतरवा, फणस फोडा, कोकमं वाळवा, पापड लाटा, त्यात लग्नाचे पाहुणे. आई माहेरी येऊन सासरपेक्षा जास्त राबायची. नाताळच्या सुट्टीत गेलो की मात्र सगळं निवांत. भात कापून झोडून झालेलं, कणगीत भरलेलं. शेतात उरलेल्या ओलीवर वाल उभा, त्याला पाणीसुद्धा घालायचं नाही. कोणालाच काही काम नाही! सकाळी नऊला सगळे मिळून किनाऱ्यावर. आजी, मामी, आई तिघी सुरूच्या झाडांखाली पाय लांब करून बसायच्या. आईला दिवसाढवळ्या असं रिकामं बसलेलं मी फक्त तिथेच पाहिलं आहे. आम्ही पोरं पाण्यात, मामा वर्तमानपत्र डोळ्यांवर घेऊन आडवा. संध्याकाळी वाडीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा.

मला अजून वाटतं की कोकण मे महिन्यात पाहण्याचं असेल, पण घरच्यांसोबत राहण्याचं डिसेंबरातच. तुमचे असे दिवस सांगा ना. कुठलाही किनारा चालेल.

खारीवाडी

पोपटी!!! मडक्यात तळाला पाला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे रताळी, मग परत पाला. अंडी मध्ये. कोंबडी मसाला लावून केळीच्या पानात बांधून. तोंड पाल्याने गच्च दाबायचं आणि मडकं उलटं. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. भोवती गोवऱ्या, पेंढा, सुकी पानं. माझे काका तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडून बघायचे, चर्र वाजलं की झाली. आम्ही सगळे भोवती उकिडवे, तोंडं तापलेली आणि पाठी गारठलेल्या.

वऱ्हाडी_मंडळी

म्हणजे आमचा हुरडाच की, फक्त शेंगांचा. आमच्याकडे ज्वारीची कणसं आगटीत भाजतात, सोबत गूळ आणि तिळाची चटणी.

समुद्राचं सांगते. आम्ही वर्ध्याचे. आजीने आयुष्यभर मोठं पाणी म्हणून धाम नदीच पाहिलेली. बाबांनी ठरवून तिला जानेवारीत गणपतीपुळ्याला नेलं. तिथे अख्खी टेकडीच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीलाच घालायची, साधारण किलोमीटरभर. आजीने काठी न घेता पूर्ण केली. मग नऊवारीचा काष्टा वर खोचून पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. तळहातावर पाणी घेऊन चाखलं आणि बाबांना म्हणाली, "बाप्पा! हे तं खरंच खारट हाये, मले वाटे लोकं सांगतेत." बाबा इतके हसले, इतके हसले. पुढची दोन-तीन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः सांगायची, मी चाखून पाहिलं म्हणून.

नागावची_भाची

आजी किती गोड! फोटो आहे का काष्टा खोचलेला?

वऱ्हाडी_मंडळी

आहे, बाबांच्या पाकिटात. मागितला तरी देत नाहीत.

देवबागचो_झील

आमच्याकडे थंडीत रापण. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन बाजूंना दोन टोळ्या ओढतात. मुंबईहून चाकरमानी आले की तेही दोराला लागायचे. आजोबा ओरडायचे, "रे झिला, दोर सोडू नको!" हात सोलून निघायचे पण शेवटी जाळं कडेला आलं की आत नुसती चांदी उसळायची. तारले, पेडवे, बांगडे, नशीब असेल तर सौंदाळे. ओढणाऱ्याला वाटा मिळायचा, लहान पोरालाही मूठभर. आपल्या मुठीतले पेडवे घरी नेऊन आईला द्यायचे यात काय ऐट होती! ती पण तेवढेच वेगळे भाजून ताटात वाढायची.

आता रापणी कमी झाल्या. पर्ससीनवाले म्हणजे मोठ्या घेरजाळ्यांच्या बोटी आणि एलईडीवाले म्हणजे दिव्यांनी मासे ओढणारे, बाहेरच गाळून नेतात, किनाऱ्यापर्यंत काय येणार. माझ्या मुलाने एकदाच दोर धरला आहे. याचं मला फार वाईट वाटतं, खरंच.

मीनल_पुणे

मुलांना घेऊन रापण ओढायला मिळेल अशी जागा आहे का अजून? तारकर्लीला विचारलं तर स्कूबाच दाखवतात सगळे.

देवबागचो_झील

सकाळी लवकर किनाऱ्यावर चालत रहा, दिसली तर सरळ जाऊन विचारा. कोणी नाही म्हणत नाही. पण रोज लागतेच असं नाही.

अर्नाळ्याची

सगळ्यांचं वाचून छान वाटलं. आमची मात्र थंडी कामाची. आम्ही कोळी, अर्नाळ्याचे. नाताळची सुट्टी म्हणजे वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या दोऱ्यांच्या मांडणीवर, बोंबील. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. दात असे असतात की सुटत नाही. उत्तरेचा कोरडा वारा असला की भराभर वाळतात, म्हणून हाच मोसम. पोरांचं काम कावळे हाकलायचं. आजी वलांडीच्या सावलीत बसून गोष्टी सांगायची, आई-मावशा बोलता बोलता जोड्या लावायच्या, हात थांबायचे नाहीत. पाहुण्यांना वास येतो, नाकाला रुमाल लावून पुढे जातात. मला तो वास आला की आजी आठवते. मला तर तोच घरच्यांसोबतचा किनाऱ्यावरचा दिवस वाटतो. आई निवांत नव्हती पण दिवसभर समोर होती.

खारीवाडी

अर्नाळ्याची, फार मनापासून लिहिलंत. सुक्या बोंबलाची चटणी, गरम भाकरी... आता रात्री अकरा वाजता कुठून आणू.

अर्नाळ्याची

या घरी :)

पक्षीवेडा

नागावशेजारच्या अक्षीला जा डिसेंबर-जानेवारीत. कुरव पक्ष्यांचे थवे. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तलावांवरून येतात. थंडीत मात्र डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका, म्हणून लोक नावावरून गोंधळतात. मार्च-एप्रिलकडे निघताना डोकं रंगतं. मुलीला घेऊन आम्ही भल्या सकाळी वाळूत पोटावर झोपून बघतो. तिने वही केली आहे, त्यात तारीख आणि कुरवांची संख्या, ती मोजते मी लिहितो. कृपया त्यांना गाठ्या-शेव घालू नका हो. लोक बोटीतून फेकतात, पक्षी झेपावतात, व्हिडिओ छान येतो, पण ते त्यांचं अन्न नाही.

आगरातला

गुहागर. सकाळची वेळ. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहिलेला असतो, त्यामुळे पहाटे समुद्र असा सपाट की लाट नुसती कडेला येऊन मोडते. दुपारी वारा फिरला की मग खळबळ. आमच्या अंगणात सुपाऱ्या वाळत टाकलेल्या, त्यांच्या शेजारी आजोबा उन्हात. त्यांच्याकडे घड्याळ होतं पण भरती ते तिथीवरून सांगायचे. तिथीची पाऊणपट करा, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीनला, अष्टमीला सहाला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही फार उतरतही नाही. नातवंडांना पाढे येतात का ते याच्यावरच बघायचे. पाऊणकी पाठ होती आमची सगळ्यांची!

मीनल_पुणे

हे भारी आहे. म्हणजे अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात सकाळी चालत जायचं तर चतुर्थी बघायची? तीनला भरती तर नऊच्या सुमारास ओहोटी.

आगरातला

बरोबर. पण अंदाज म्हणून वापरा, निघायच्या आधी तिथल्या माणसांना विचाराच. आणि किल्ल्यात रमून बसू नका, पाणी मागून येतं.

जर्सीकर

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, जानेवारीत समुद्रावर जाणारे आम्हीच वेडे. उन्हाळ्यात जर्सी शोअरच्या बहुतेक किनाऱ्यांवर बॅज, म्हणजे प्रवेशाचा बिल्ला, विकत घ्यावा लागतो, थंडीत कोणी विचारत नाही. आईबाबा आले होते तेव्हा अ‍ॅस्बरी पार्कच्या लाकडी बोर्डवॉकवर नेलं. बाबा माकडटोपीत, आई साडीवर माझा जाड कोट घालून. थर्मासमधला आल्याचा चहा आणि मेथीचे ठेपले. समुद्र करडा, वारा कापणारा. अर्ध्या तासात परत फिरू म्हणालो तर आई म्हणाली थांब रे, किती दिवसांनी तू शेजारी बसलायस. फोन खिशात ठेवला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

नागावची_भाची

जर्सीकर, आईंचं ते वाक्य वाचून मी माझ्या आईला फोन लावला. झोपली होती, ओरडली.

सावली२२

मागच्या डिसेंबरात आईला आंजर्ल्याला नेलं होतं. केमो संपून थोडे दिवस झाले होते. कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते म्हणून ते ठरवलं. वरून नारळाची आगरं आणि त्यापलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो, ती बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. मग खाली किनाऱ्यावर खुर्ची टाकली, शाल गुंडाळली. जेवण जात नव्हतं तिला महिनाभर, तिथे कुळथाची पिठी आणि मऊ भात मागून घेतला. दुसऱ्यांदाही घेतला. फेब्रुवारीत गेली. मला त्या दिवसाबद्दल एवढंच सांगायचं होतं की तिने दोनदा भात घेतला.

अर्नाळ्याची

सावली, जवळ असते तर हात धरला असता.

वऱ्हाडी_मंडळी

सावलीताई, तुम्ही नेलंत म्हणून तिला तो दिवस मिळाला. काळजी घ्या. बोलावंसं वाटलं तर कधीही मेसेज करा.

सावली२२

थँक्यू सगळ्यांना. बरं वाटलं लिहून. ती पिठीची कृती घरमालकीणबाईंकडून घेतली आहे, भरपूर लसूण आणि शेवटी आमसूल. कोणाला हवी असेल तर टाकते.

मीनल_पुणे

टाकाच.

संदीप_डोंबिवली

धागा उशिरा बघितला. एक विचारायचं होतं. वडील ऐंशीचे, गुडघे गेलेत, पण समुद्र बघायचा म्हणतात. पायऱ्या नकोत, लांब चालणं नको. या थंडीत कुठे नेऊ? घाटाने जायचं नाहीये, वळणांनी त्यांना त्रास होतो.

पक्षीवेडा

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला जा. २०२० पासून चालू आहे, पाण्यातून तासाभराचा प्रवास, वडिलांना तोच आवडेल. तिथून अक्षी-नागाव जवळ. अक्षीची वाळू घट्ट आहे, काठीने चालता येतं.

नागावची_भाची

हो, अक्षीच. सुरूच्या बनापर्यंत गाडी जाते. खुर्ची घरून न्या, हात असलेली, म्हणजे उठताना आधार. कानटोपी न्या, नऊपर्यंत वारा बोचतो. दहा ते बारा ऊन छान असतं. आणि जेवण सांगताना घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करा, ऐनवेळी मिळत नाही. पांढऱ्या कांद्याची माळ मात्र आता शोधू नका, नवा कांदा फेब्रुवारीच्या पुढे येतो.

खारीवाडी

गाडी वाळूत घालू नका फक्त. ओली वाळू घट्ट दिसते, चाक रुतलं की भरती थांबत नाही. ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

संदीप_डोंबिवली

खूप आभार. कुरव पण दिसतील म्हणजे. दुर्बीण आहे बाबांकडे, जुनी. तिथी कुठली घेऊ?

आगरातला

षष्ठी-सप्तमी बघा. षष्ठीला साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाच्या सुमारास ओहोटी, पुळण रुंद मिळेल आणि खुर्ची सारखी मागे घ्यावी लागणार नाही. दुपारी पाणी जवळ येईल ते बसल्या जागेवरून दिसेल. कालनिर्णय काढा आणि शनिवार-रविवार सोडून बघा, गर्दी नको.