म्युनिकमध्ये भाड्याचं घर: निघण्याआधी काय तयारी करावी?

सांजवारा:
नोकरीसाठी सप्टेंबरअखेर म्युनिकला जायचं आहे. आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. पुण्यातूनच घर पक्कं करावं का? शूफा (जर्मनीतला कर्जफेडीच्या पतीचा दाखला) नाही, डिपॉझिट किती लागेल तेही माहीत नाही.

निळीशाई:
कायमचं घर इथून पक्कं करू नका. मालक परदेशात आहे, पैसे भरा, चावी पोस्टाने येईल असं कुणी म्हणालं की ती फसवणूकच. पहिले दोन-तीन महिने फर्निचरसकट तात्पुरतं घर घ्या. त्या पत्त्यावर अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होईल का, हे मात्र पैसे देण्याआधी लेखी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी मालकाच्या सहीचं पत्र लागतं. नोंदणी रखडली की टॅक्स आयडीही रखडतो.

तुम्ही पोचाल तेव्हा ऑक्टोबरफेस्ट हा बिअर महोत्सव चालू असेल, तात्पुरत्या घरांचे भाव चढलेले असतात. आत्ताच बघायला लागा.

शूफा नव्याने आलेल्याकडे नसणारच. त्याऐवजी नोकरीचा करार, पासपोर्ट, व्हिसा आणि कुटुंबाची जर्मनमधून चार ओळींची ओळख एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. चांगल्या घराच्या जाहिरातीवर अर्जांचा ढीग पडतो, म्हणून तासाभरात पाठवता आलं पाहिजे.

कढीपत्ता:
डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमिटे, म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे खर्च सोडून नुसतं भाडं. ते १,४०० युरो असेल तर ४,२०० युरो. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा वार्ममिटेतही, म्हणजे हे खर्च धरून होणाऱ्या भाड्यातही, धरलेलं नसतं.

जाहिरातीत 'आइनबाउक्युखे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, आहे का बघा. नसेल तर ओटा, सिंक, शेगडी यांतलं काहीच नसलेली रिकामी खोली मिळू शकते! आणि 'दोन खोल्या' म्हणजे हॉल आणि एक बेडरूम. स्वयंपाकघर, बाथरूम त्यात मोजत नाहीत.

उंबरठा:
सही करण्याआधी करारात किमान मुदतीची अट आहे का ते वाचा. ती चार वर्षांपर्यंत असू शकते. एरवी घर सोडण्यासाठी भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची. ती सहीनिशी कागदावरच द्यावी लागते, ईमेल चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाला मिळाली तरच तो महिना त्या तीन महिन्यांत धरतात.

चावी घेताना मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या, भिंतीवरचा प्रत्येक डाग लेखी नोंदवा, फोटो काढा. थंडीत रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, स्वयंपाक झाल्यावर तर नक्कीच. वाफ कोंडून बुरशी आली की तिचा खर्च डिपॉझिटमधून मागितला जातो.