शब्दचर्चा: ‘कस्टमाइझ’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:

दूध संकलन केंद्रांवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका आम्ही मराठीत वेबसाइटवर आणतोय. साइट डॉक्युसॉरसवर उभी केली आहे. (माहितीपुस्तिकांच्या वेबसाइट बनवण्याचं, फेसबुकने २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं साधन.) पुढे ही साइट जे सांभाळतील त्यांच्यासाठी एक पान लिहायचंय: रंग कुठे बदलायचे, फाँट कुठला, वरच्या पट्टीत काय ठेवायचं. त्या पानाचं नावच अडलंय. ‘सानुकूलन’ लिहून टीममध्ये दाखवलं, पहिल्या वाचनात एकालाही अर्थ लागला नाही. ‘रूपरंग’ म्हटलं तर सेटिंग्ज बाहेर राहतात. आणि डार्क मोडचं काय करायचं?

प्रतिसाद १:

‘सानुकूलन’ नकोच. सानुकूल म्हणजे प्रसन्न, आपल्या बाजूचा. ग्रह सानुकूल असतात, देव सानुकूल होतो. तिथे आपण काही करत नाही, त्याची कृपा होते. इथे तर सगळी खटपट आपल्यालाच करायची आहे. सरळ ‘कस्टमाइझ’ लिहा, लोकांना कळतं.

प्रतिसाद २:

‘कस्टमाइझ’ ठेवायला माझी हरकत नाही. पण त्या एका शब्दाखाली निरनिराळी कामं येतात आणि नवखा माणूस नेमका तिथे फसतो. ही कामं वेगळी करणारे शब्द शिंप्याकडे तयार आहेत. आमच्या घरी शिवणकाम चालायचं, त्यामुळे ते लहानपणापासून कानावर आहेत.

ताग्यातलं कापड अंगाचं माप घेऊन कापतात, ते बेतणं. तयार सदरा आणून कुठे टीप घालतात, कुठे सोडतात, ते मापात घेणं. आणि सदरा सोडता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड राखलेलं असतं, ती माया. थीमची, म्हणजे साइटच्या तयार रूपाची, सेटिंग्ज म्हणजे थीम करणाऱ्याने तुमच्यासाठी राखलेली माया आहे. तेवढ्यात भागत असेल तर कात्रीला हात लावू नये.

डॉक्युसॉरसमध्ये ही माया मुख्यतः दोन ठिकाणी सापडते. वरच्या पट्टीतले दुवे, लोगो, तळाचा मजकूर, गडद-उजळ यांपैकी आधी काय दिसावं, हे सगळं कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये. रंग, फाँट, ओळींमधलं अंतर हे कस्टम सीएसएस या दिसण्याच्या फाइलमध्ये. मुख्य रंगाच्या तिथे सात छटा द्याव्या लागतात: एक मूळ, तीन गडद होत जाणाऱ्या, तीन फिक्या होत जाणाऱ्या. नवखे एकच बदलतात, आणि मग दुव्यावर माउस नेला की थीमचा मूळचा हिरवा डोकावतो.

याच्या पलीकडे गेलात की थीमचा एखादा भागच बदलायला घेणारी ‘स्विझल’ ही आज्ञा येते. याला मी उसवणं म्हणेन. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात थीमचा तो भाग जागेवर राहतो आणि तुम्ही त्याला अस्तर लावता. दुसऱ्यात अख्खी बाही उसवून तिची प्रत तुमच्या हातात येते. ती बाही मग तुमची. मूळ थीममध्ये पुढे झालेल्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मी एकदा पत्त्याच्या दोन ओळींसाठी अख्खा फूटर (साइटच्या तळाची पट्टी) उसवला होता. पुढची मोठी आवृत्ती आली आणि साइट तयारच होईना. संध्याकाळभर शोधल्यावर दिसलं की त्या दोन ओळी कॉन्फिगमध्येच लिहिता आल्या असत्या. ‘उसवणे’ असा शब्द तेव्हा समोर असता तर मी नक्की थबकलो असतो. ‘स्विझल’ वाचून कोण थबकणार?

आणखी एक, कारण पुस्तिका मराठी आहे. कॉन्फिगमध्ये मूळ भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) अशी नोंदवा. ही नोंद पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझर वाचतो त्या कोडमध्ये, उतरते. फाँटमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर तेवढ्यानेच ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा दिसायला लागतो. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच वळणं ठरवली आहेत. सेटिंग एका ओळीचं, पण त्याने प्रत्येक ‘लिटर’ आणि प्रत्येक ‘शेतकरी’ बदलतो. म्हणून रूपरंग आणि सेटिंग्ज अशी दोन पानं करू नका. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

प्रतिसाद ३:

फक्त डार्क मोडबद्दल. एमकेडॉक्स या डॉक्युसॉरससारख्याच दुसऱ्या साधनासाठी मटेरियल नावाची थीम आहे, तिच्यात गडद रंगयोजनेचं नाव ‘स्लेट’. म्हणजे आपली पाटी! मराठी विकिपीडियावर सँडबॉक्सची, म्हणजे सरावाच्या पानाची, ‘धूळपाटी’ झालीच आहे. उजळला ‘कागद’ आणि गडदला ‘पाटी’ म्हणून बघा. काळ्यावर पांढरं वाचायची सवय आपल्याला पहिलीपासून आहे.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे आभार. आज केंद्रावर जाऊन विचारलं. ‘मापात घेणे’ सगळ्यांना कळलं. ‘माया’वर मात्र फाटे फुटले: शिवणकाम करणाऱ्या दोघी ताईंनी लगेच ओळखलं, संगणकावर बसणाऱ्या मुलांना पैसा आठवला. म्हणून पानाचं नाव ‘साइट आपल्या मापात घेताना’ ठेवलंय. सेटिंगला सेटिंगच म्हटलंय आणि माया पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात समजावली आहे. ‘उसवणे’ लाल चौकटीत घातलंय, खाली आज्ञा ‘स्विझल’ अशीच, कारण टाइप तीच करावी लागते. दादा, तुमचा फूटरचा किस्साही नाव न घेता तिथेच टाकतेय, चालेल ना?

पाटी आणि कागद मला फार आवडले, पण मोबाइलवर लोक ‘गडद’ वाचतात, तेव्हा बटणावर ‘गडद’ आणि ‘उजळ’. भाषेची नोंद केली. ‘शेतकरी’मधला श बदललेला पाहून केंद्रचालक म्हणाले, “आता शाळेच्या पुस्तकातल्यासारखं दिसतंय.”

फूटरला ‘तळपट्टी’ आणि साइडबारला ‘बाजूपट्टी’ लिहिलंय. ‘बाजूपट्टी’ जिभेवर अडखळतो. याहून सुटसुटीत काही आहे का?