लाथांमुळे सांधेही घडतात
आईच्या पोटात बाळ लाथा मारतं, त्याने त्याची हाडं बळकट होतात हे खरं, पण सांध्यांचं सांगायचं राहून जातं. सांध्यातली पोकळी आणि खुब्याची वाटी (मांडीच्या हाडाचं डोकं बसतं ती खोबण) घडायलाही हालचाल लागते. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचे स्नायू औषधाने लुळे केले, तर सांधे सुटे न होता जुळूनच राहतात.

माझी भाची पायाळू, म्हणजे पोटात डोकं वर आणि पाय किंवा ढुंगण खाली असलेली. गुहागरला आजी कौतुकाने म्हणायची, हिला विहिरीचं पाणी दिसेल! पण पायाळू बाळाला, त्यातही पाय सरळ वर दुमडलेले असतील तर, खुबे हलवायला जागा कमी मिळते. भाचीची जन्मानंतर सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी केली, डावी वाटी उथळ निघाली. तीन महिने खुबा जागेवर धरून ठेवणारे पट्टे लावले. आता खळ्यात सुपाऱ्या तुडवत धावते. पायाळू बाळाचे खुबे तपासून घ्याच, आणि दुपट्यात पाय ताणून घट्ट बांधू नका.