१५८२ मधील गाळलेले दहा दिवस

प्रश्न: १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला, असे वाचले. या बदलाशी कॅथलिक चर्चचा नेमका संबंध काय होता?

उत्तर १: संबंध ईस्टरचा होता. वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवसानंतरच्या) पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी हा सण पाळतात आणि चर्चच्या गणितात संपात २१ मार्चला धरलेला असे. परंतु तेव्हाच्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्यामुळे प्रत्यक्ष संपात ११ मार्चच्या आसपास सरकला होता, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले.

उत्तर २: स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंड यांनी ही सुधारणा लगेच स्वीकारली. प्रोटेस्टंट ब्रिटनने मात्र ती १७५२ पर्यंत लांबवली. केवळ पोपची आज्ञा म्हणून अचूक गणित इतका काळ दूर ठेवले जावे, याचा मला मनापासून खेद वाटतो.

प्रश्नकर्ता: मग ब्रिटनला दहाऐवजी अकरा दिवस का गाळावे लागले?

उत्तर १: ग्रेगरींच्या नव्या दिनदर्शिकेत १७०० हे लीप वर्ष नव्हते, जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत होते; त्यामुळे दोन्हींतला फरक आणखी एका दिवसाने वाढला.