फिनिक्सला राहायला जाण्याआधी जुलैत जाऊन यावं का? मदत हवी आहे

नमस्कार. ऑक्टोबरपासून चँडलरला (अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या आग्नेयेला) नोकरी ठरली आहे, सध्या न्यू जर्सीत आहोत. फेब्रुवारीत भाग बघून झाला, हवा अर्थातच सुरेख होती. आता भाड्याच्या घराचा करार करण्याआधी ऐन उन्हाळ्यात एक चक्कर मारावी असं वाटतंय. सोबत 7 वर्षांचा मुलगा आणि 70 वर्षांच्या सासूबाई. त्या नागपूरच्या, त्यामुळे उन्हाचं त्यांना काही वाटत नाही. कधी जावं, किती दिवस, आणि नेमकं काय तपासावं?

प्रतिसाद 1

जरूर जा. फेब्रुवारीत फिनिक्स बघून घर ठरवणं म्हणजे दिवाळीत कोकण बघून आषाढात तिथे बिऱ्हाड करणं.

नागपूरशी तुलना दिवसाच्या पाऱ्यापुरती ठीक आहे. पण नागपूरला जूनच्या मध्यावर पाऊस येऊन सुटका करतो. इथे मे अखेर ते सप्टेंबर अखेर सुटका नाही. 2023 मध्ये 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस 110 फॅरनहाइट (43 सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त होते. खरी परीक्षा मात्र रात्रीची. त्याच वर्षी 19 जुलैला पारा 97 च्या (36 सेल्सिअस) खाली उतरलाच नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतं.

जूनमधली हवा कोरडी असते. जुलैत दमट हवा शिरते, धुळीची वादळं येतात. म्हणून 20 जुलै ते 10 ऑगस्ट या दरम्यान जा. चँडलरच्या शाळाही जुलैच्या उत्तरार्धात सुरू होतात, म्हणजे मुलाची शाळा चालू असताना बघता येईल. किमान 5 दिवस, त्यातले 3 तरी कामाचे वार. उन्हाळ्यात रिसॉर्ट स्वस्त मिळतात, तरी तिथे उतरू नका. तिथल्या थंडगार लॉबीत आणि पोहण्याच्या तलावात काहीच कळणार नाही. ज्या भागात राहायचंय तिथलं साधं घर आठवड्यासाठी घ्या.

प्रतिसाद 2

घर सकाळी बघू नका. एजंट सकाळची वेळ देतो, तुम्ही संध्याकाळी 4 ते 6 मागा. कमाल तापमान साधारण 4–5 वाजता असतं आणि पश्चिमेची उन्हं तेव्हाच खिडक्यांतून आत येतात. पश्चिमेला मोठ्या काचा असतील तर बाहेरून जाळीचे सन-स्क्रीन लावलेत का ते बघा; आतले पडदे ऊन आत आल्यावर अडवतात, त्यांचा उपयोग कमी. दुमजली घर असेल तर वरच्या पश्चिमेकडच्या खोलीत 15 मिनिटं दार लावून बसा. डक्ट (एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्या) बहुधा माळ्यावरच्या तापलेल्या पोकळीतून जातात. गळके असतील तर वरच्या खोल्या कधीच गार होत नाहीत.

एसीची परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकघरातला तापमापक न्या. एसी 15 मिनिटं चालू द्या, मग घरातली हवा परत ओढून घेणाऱ्या जाळीपाशी आणि गार हवेच्या तोंडापाशी मोजा. फरक 15 ते 20 फॅरनहाइट हवा. खूप कमी असेल तर गॅस कमी किंवा डक्ट गळतंय. खूप जास्त असेल तर हवा पुरेशी वाहत नाही, बहुतेक फिल्टर तुंबलेला. हवा फार दमट असेल त्या दिवशी फरक थोडा कमी येतो, तेवढं धरून चाला. एसी सतत चालू राहणं हा दोष नाही, संध्याकाळी 5 वाजता घर 78 फॅरनहाइटवर टिकत नसेल तर तो दोष. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर बनवल्याचं साल असतं. 12–15 वर्षं झाली असतील तर बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्त करून देणार, हे करारात लिहून घ्या. इथल्या उन्हात बहुधा कपॅसिटर (मोटर चालायला मदत करणारा छोटा भाग) जातो. भाग स्वस्त असतो, पण जुलैत मेकॅनिकची वाट बघावी लागते.

प्रतिसाद 3

जाण्याबरोबरच मागच्या 12 महिन्यांची विजेची बिलं मागा, ती हवामानापेक्षा जास्त बोलतात. चँडलरमध्ये पत्त्यावरून वीज कंपनी, एपीएस किंवा एसआरपी, ठरते, निवड आपली नसते. वेळेनुसार दर असलेल्या योजनेत एपीएसचा महाग काळ कामाच्या दिवशी 4 ते 7 असतो. लोक दुपारी 3 पर्यंत घर जास्त गार करून ठेवतात आणि 4 ला थर्मोस्टॅटवरचं तापमान वाढवतात. घराच्या भिंती पातळ असतील तर ही युक्ती तासाभरात फसते.

गाडी भाड्याने घ्याल तेव्हा उघड्या पार्किंगमध्ये 2 तास ठेवून बघा. सीटबेल्टचं बक्कल मुलाला भाजतं. स्वतःची गाडी आणणार असाल तर बॅटरीचं वय बघा, इथे ती 2–3 वर्षांत जाते. धुळीची भिंत येताना दिसली तर रस्त्यावरून शक्य तितकं बाजूला जा, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावा, पाय ब्रेकवरून काढा. दिवे चालू राहिले तर मागचा त्यांच्या रोखाने येऊन धडकतो.

धागाकर्ता

खूप आभार. सासूबाईंना रोज संध्याकाळी फिरायची सवय आहे, त्याचं काय? शिवाय फिनिक्स शहरातलं एक जुनं घर स्वस्त मिळतंय, त्यात एसी नाही, फक्त कूलर आहे.

प्रतिसाद 2

कूलरचं घर घेऊ नका. जूनच्या कोरड्या हवेत तो विदर्भातल्यासारखाच चालतो. जुलैत हवा दमट झाली की फक्त ओलसर वारा देतो. फिनिक्स शहराच्या नियमानुसार भाड्याच्या घरात एसी असेल तर 82 आणि कूलर असेल तर 86 फॅरनहाइटच्या वर तापमान जाता कामा नये. 86 म्हणजे 30 सेल्सिअस, तेही ओलसर; वयस्कर माणसाला ते नको.

प्रतिसाद 1

फिरणं पहाटे. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे जुलैत साडेपाचच्या सुमारास उजाडतं. 5 ते साडेसहा ही त्यांची वेळ. सूर्य मावळला तरी डांबर तासन् तास तापलेलं राहतं, आणि तापल्या डांबरावर पडून भाजलेली माणसं दर उन्हाळ्यात रुग्णालयात येतात. त्या लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेत असतील तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा. टपालाने येणारी औषधं पेटीत पडू देऊ नका, थेट दुकानातून आणा. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही कोमट पाणी येतं, त्याने गडबडू नका, पाइप जमिनीत उथळ असतात.

आणि त्यांची तुळस आणणार असाल तर पूर्वेला ठेवा, वर 50 टक्क्यांची शेडनेट, पाणी सकाळीच.