मालवणला 'ऑटो आणि फ्लॅश ऑन' म्हणे!

पाणकोंबडा:
परवा इथे कोणीतरी सल्ला दिलाय की मालवणला डाइव्हला जाताना वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट (छोटा) कॅमेरा घ्या, ऑटोवर टाका, फ्लॅश ऑन ठेवा, रंग नंतर मोबाइलवर एडिट करून येतात, बाहेरचे लाइट-बिट म्हणजे नुसती शायनिंग. खाली वीस जणांनी 'उपयुक्त माहिती, धन्यवाद' लिहिलंय. ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

आधी फ्लॅश. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात दिसतं किती? नशीब जोरावर असेल तर सात-आठ मीटर, नाहीतर तीन-चार, आणि त्यातही गाळ, प्लँक्टन, कसलेकसले कण तरंगत असतात. कॉम्पॅक्टचा फ्लॅश लेन्सपासून दोन बोटांवर. आंबोली घाटात धुक्यात अप्पर मारून बघा काय दिसतं, तेच इथे होतं. मासा एक आणि पांढरे ठिपके हजार. हाउसिंग (कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी) असेल तर वर पोर्टची, म्हणजे लेन्सपुढच्या नळीची, सावली कोपऱ्यात फुकट.

आता रंग. पाच मीटरला लाल जवळपास संपलेला असतो, मग नारिंगी जातो. आणि लोक नुसती खोली बघतात, पण वरून खाली आलेला प्रकाश माशावर आपटून परत तुमच्यापर्यंत येतो ते अंतर पण त्यातच धरायचं. जेपेगमध्ये लाल आलेलाच नाही तर स्लायडर ओढून काय घंटा मिळणार? नॉइज मिळेल.

माझं म्हणणं एवढंच की फ्लॅश बंद करा आणि जवळ जा. अजून जवळ. झूमला हात लावायचा नाही, वाइडलाच ठेवायचं, हातभर अंतरावरून काढायचा. अंडरवॉटर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लावा, नाहीतर पांढरी पाटी धरून कस्टम घ्या आणि खोली बदलली की परत घ्या. शटर १/१०० सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून संथ, नको, आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) ४०० ची मर्यादा, एक्स्पोजर थोडं मायनस. सूर्य पाठीशी, वेळ दहा ते दोन. ह्यात एक रुपया खर्च नाही.

रॉ_पुणेकर:
तळमळ पोचली, पण सल्ला तुमचाही अर्धाच आहे. जेपेगमध्ये लाल मिळत नाही हे बरोबर, मग रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) काढा ना! ऑलिंपसच्या वॉटरप्रूफ टीजी सीरिजला २०१५ च्या टीजी-४ पासून रॉ आहे, लोक ते चालूच करत नाहीत. आणि १/१०० च्या खाली नको म्हणताय, पण निम्मी जनता टीजी घेऊन जाते आणि त्यात शटर प्रायॉरिटीच (शटर आपण ठरवायचा मोड) नाही, मॅन्युअलही नाही. १/१०० लावायचं कुठे, कपाळावर?

अॅपर्चरची (लेन्सच्या भोकाची) पण तीच गंमत. वाइडला एफ/२, एफ/२.८ आणि एकदम एफ/८, आणि तो एफ/८ म्हणजे आत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) सरकतो. डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे किती स्पष्ट येतं ते) वाढत नाही, नुसता अंधार वाढतो. 'मॅक्रोला (अगदी जवळच्या फोटोला) एफ/८ ठेवा' हे ब्रह्मवाक्य टीजीवाल्यांना सांगणाऱ्याला दंड करायला हवा.

पाणकोंबडा:
मी टीजीचं नाव घेतलं होतं का? ज्यांच्याकडे मॅन्युअल आहे त्यांच्यासाठी लिहिलं. टीजीवाल्यांनी एफ/२ ठेवून आयएसओ चढवावा, शटर आपोआप वर जातं. पुण्याहून एवढी तपासणी होणार माहीत असतं तर परिशिष्ट जोडलं असतं.

नेत्राणी_प्रेमी:
फ्लॅश बंद हे पण सरसकट कसं सांगता? मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जाते तेव्हा मला न्यूडीब्रँक (रंगीत समुद्री गोगलगायी) हवे असतात. नखाएवढा जीव, कॅमेरा दोन सेंटिमीटरवर, मधे पाणीच नाही तर बॅकस्कॅटर (ते पांढरे ठिपके) येणार कुठून? तिथे आतलाच फ्लॅश, वर डिफ्यूझर (उजेड पसरवणारा), आणि लाल-जांभळे रंग असे उठतात की वरच्या उन्हात पण दिसणार नाहीत. फ्लॅश नसेल तर कॅमेऱ्याची स्वतःची सावली त्या बिचाऱ्यावर पडते आणि फोटो राखाडी.

मोठ्या गोष्टींना स्ट्रोबच (कॅमेऱ्याबाहेरचा वेगळा फ्लॅश). फायबरच्या केबलने जोडायचा, त्याचे आर्म लांब बाहेर काढायचे, स्ट्रोबचं तोंड किंचित बाहेर वळवायचं म्हणजे उजेडाची नुसती कड माशावर पडते, मधलं पाणी उजळत नाही. ह्याला शायनिंग म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं.

फुजैराकर:
स्ट्रोब, आर्म, ट्रे, केबल म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा महाग लफडं. मी इकडे यूएईत फुजैराला डिब्बा रॉकवर लाल फिल्टरवर काम भागवतो. सूर्य पाठीशी, दहा-बारा मीटरपर्यंत मस्त रंग.

रॉ_पुणेकर:
काका, तुमचं पाणी निळं, मालवणचं हिरवं. हिरव्याला मजेंटा फिल्टर लागतो. आणि फिल्टर एक-दोन स्टॉप (म्हणजे निम्मा ते पाऊण) उजेड खातो, अंधाऱ्या पाण्यात आयएसओ कुठे नेऊन ठेवणार? फिल्टर लावून वर टॉर्च मारणारे पण बघितलेत, मासे टोमॅटो सूप प्यायल्यासारखे.

डोंबिवली_डाइव्हर:
तुम्ही फारच टेन्शन घेता राव. आम्ही फॅमिली गेलेलो, गाइडने ब्रेड टाकला आणि काळ्या पट्ट्यावाले मासे तोंडापाशी आले. त्यानेच शूट केलं, पॅकेजमध्येच होतं. जवळ जायची गरजच नाही, मासे येतात.

नेत्राणी_प्रेमी:
हेच! हेच वाचायचं बाकी होतं. मालवण १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि आपण तिथे पाव वाटतोय. हे मासे शेवाळ आणि बारीक जीव खाऊन जगतात, मैदा नाही. दिवसभर पाव खाल्ला की प्रवाळावरचं शेवाळ कोण साफ करणार, तुमची फॅमिली?

डोंबिवली_डाइव्हर:
मॅडम, आवाज खाली. पाव मी नाही टाकला. आणि तुम्ही फोटोग्राफर मंडळी काय साधुसंत आहात का? आमच्या शेजारी एक जण एका फोटोसाठी प्रवाळावर गुडघे टेकून पाच मिनिटं बसला होता, फिन (पायातले पंख) मारून खालची सगळी वाळू उडवली. आमचा पाव विरघळतो, मोडलेलं प्रवाळ जोडून देता का?

देवबागचो_झिल:
मी हयसरचोच, डाइव्ह करवतंय. दोगांय बरोबर बोलतास आणि दोगांय फुकटचा भांडतास. ब्रेड नाय टाकलो तर गिऱ्हाईक वर येऊन विचारता, मासे खंय? आणि जाताना एक स्टार देता. सीझन ऑक्टोबर ते मे, मगे पावसात चार म्हयने बोट किनाऱ्यार. तुमका निसर्ग व्हयो, माका हप्तो भरूचो हा.

फोटोचा म्हणशात तर पयल्यांदा डाइव्ह करणाऱ्याच्या हातात आमी कॅमेरो देवचव नाय. एका हातान नाक धरूचा, कान मोकळे करूचे, आणि हेंका सेटिंग बदलूचा असता. आधी श्वास घेवक शिका.

नेत्राणी_प्रेमी:
दादा, हप्त्याचं समजू शकते, पण उद्या प्रवाळ गेलं तर बोट कुठे नेणार? तुम्हीच सगळ्यांनी मिळून पाव बंद केला तर एक स्टार सगळ्यांनाच पडेल, मग फरक काय पडतो?

देवबागचो_झिल:
सगळ्यांनी मिळान? मालवणात? बरा.

पाणकोंबडा:
पावाचा वेगळा धागा काढा हो कोणीतरी. जाता जाता सांगतो, त्या फुकटच्या व्हिडिओत जो कचरा दिसतो त्यातला अर्धा पावाचा भुगाच असतो. लोक त्यालाच 'पाणी गढूळ होतं' म्हणतात.

हॅवलॉक_रिटर्न:
व्हिडिओ लाइट कोणीच बोललं नाही? मी दोन हजार लुमेनचा घेतला, आधी काय उजळतंय ते दिसतं, स्ट्रोबसारखा अंदाजपंचे कारभार नाही. व्हिडिओ पण होतो.

रॉ_पुणेकर:
भर दुपारी मीटरभर अंतरावर तो लाइट लागलाय की नाही ते शोधावं लागेल. शिवाय मासा हलतो. स्ट्रोबचा झटका मासा गोठवतो, टॉर्च नाही. नाइट डाइव्ह आणि मॅक्रोला घ्या, नाही म्हणत नाही.

हॅवलॉक_रिटर्न:
'नाही म्हणत नाही.' चला, पुण्याकडून एवढं मिळालं म्हणजे सत्कारच.

फुजैराकर:
एवढं सगळं बोललात, ओ-रिंगबद्दल (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीबद्दल) कोणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या आधीच्या हाउसिंगमध्ये ओ-रिंगवर एक केस अडकला होता, डोक्यावरचा, माझ्या डोक्यावर होते तेव्हाचा. चार मीटरवर आत बुडबुडे दिसले आणि कॅमेरा गेला. बोटीवर उन्हात, दमट हवेत हाउसिंग बंद करू नका, एसी खोलीत करा, आत सिलिका जेल टाका. आणि ग्रीस थोडंच, नुसती चकाकी येईल एवढं. लोक लोण्यासारखं थापतात आणि मग त्याला वाळू चिकटते.

नेत्राणी_प्रेमी:
हे मात्र सगळ्यांनी वाचा. रागात होते म्हणून लाइक द्यायचं राहिलं होतं.

साधा_सरळ:
तो मूळ सल्ला माझा. एवढी सामुदायिक धुलाई होईल वाटलं नव्हतं. ठीक आहे, लांबून फ्लॅश नको, मान्य. रॉ पण चालू करतो. लाइट मात्र विकत घेणार नाही, वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसाने पगार स्ट्रोबमध्ये घालावा असं कोणाच्या बायकोला वाटत असेल तर तिला माझा नमस्कार. आणि १५ मीटरपर्यंत टीजी हाउसिंगशिवाय चालतो, त्यामुळे ओ-रिंगची कथा पण मला लागू नाही.

फुजैराकर:
बॅटरीच्या झाकणाला काय रबर नाही? तिथे वाळूचा एक कण पुरतो.

साधा_सरळ:
बरं, ते पुसतो. पण मघापासून बघतोय, इतके तज्ज्ञ जमलेत आणि धाग्यात एक फोटो नाही. पाणकोंबडा साहेब, हातभर अंतरावरून काढलेला एखादा टाका की.

पाणकोंबडा:
हार्ड डिस्क गावाला आहे.

देवबागचो_झिल:
खंयच्या गावाक? मी जावन आणतंय.