मॅक्रो ‘एक्स्पांड’ करणे : विस्तार, आदेश की घडी?

सातपूर_बेंच
सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंट्रोलर बोर्डावर काम करणाऱ्या शिकाऊ मुलांसाठी डीबगिंगची मराठी टिपणं चालू आहेत. गाडी एका जागी अडली आहे. सी भाषेत मॅक्रो म्हणजे मजकुराच्या तुकड्याला दिलेलं नाव; कंपायलरच्या आधी चालणारा प्रीप्रोसेसर त्या नावाच्या जागी तो मजकूर घालतो. डीबगर म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आत पाहण्याचं साधन. ‘प्रीप्रोसेसर मॅक्रोचा विस्तार करतो’ असं पान दोनवर आहे आणि ‘डीबगर मॅक्रोचा विस्तार करतो’ असं पान नऊवर. वाचणारा विचारतो, एकदा विस्तार झाला, तर दुसऱ्यांदा कशाचा? प्रश्न रास्त आहे. जीसीसी या कंपायलरला नुसतं ‘-जी’ (डीबगरसाठी माहिती ठेव) देऊन बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये मॅक्रोचं नाव उरतच नाही. समजा, बफर_लांबी हा ६४ चा मॅक्रो आहे. ‘प्रिंट बफर_लांबी’ म्हटलं की जीडीबी हा डीबगर म्हणतो, असं चिन्ह चालू संदर्भात नाही. ‘-जी३’ देऊन बांधलं की तोच प्रश्न विचारल्यावर ६४ मिळतात. या दोन कामांना मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ
‘विस्तार’ मुळातच चूक. बफर_लांबी जाऊन ६४ आले, यात पसरलं काय? उलट आखूड झालं. व्याकरणात याला नेमका शब्द आहे: आदेश. ‘अति + अंत = अत्यंत’ यात ‘इ’ हा स्थानी, त्याच्या जागी आलेला ‘य्’ हा आदेश. पाणिनीने स्थानी आणि आदेश असे दोन्ही शब्द दिले आहेत, शिवाय ‘अदर्शनं लोपः’ हेही. कंपायलरसमोर मॅक्रोच्या नावाचं तेच होतं.

पंचवटी_३
व्याकरण बरोबर, पण याच टिपणांत ‘डीबगरला पुढील आदेश द्या’ असं वीस ठिकाणी असणार. एका पानावर ‘आदेश’ दोन अर्थांनी वाचायचा कोणी? बेंचवर सगळे ‘एक्स्पांड कर’ म्हणतात, तेच लिहा.

गोदाकाठ
सगळे म्हणतात म्हणून मराठीत आधीपासून असलेला शब्द टाकून द्यायचा, हे पटत नाही. कमांडला ‘आज्ञा’ म्हणा, गोंधळ मिटला.

अंबड_लिंकर
शब्द नंतर ठरवा, आधी दुसऱ्या कामात होतं काय ते पाहा. ‘-जी३’ दिल्यावर कंपायलर प्रत्येक मॅक्रोची व्याख्या, ती कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू झाली आणि कुठे ‘अनडेफ’ (रद्द) झाली, हे एल्फ फाइलच्या (बांधून निघालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलच्या) ‘.डीबग_मॅक्रो’ या विभागात लिहून ठेवतो. (क्लँग या दुसऱ्या कंपायलरला ‘-एफडीबग-मॅक्रो’ वेगळं द्यावं लागतं, हे टिपणात ठळक छापा.) डीबगर फक्त ही वही वाचतो. एक उदाहरण:

#डिफाइन वर्ग(क्ष) क्ष*क्ष

‘प्रिंट वर्ग(३+१)’ म्हटलं तर १६ ऐवजी ७ येतात. ‘मॅक्रो एक्स्पांड वर्ग(३+१)’ म्हटलं की ३+१*३+१ असा नुसता मजकूर दिसतो आणि कंस राहिलेत हे लगेच कळतं. पहिली आज्ञा हिशोब करते, दुसरी फक्त दाखवते. मॅक्रोच्या पोटात ‘आय++’ (आय एकने वाढव) असेल तर हा फरक महागात जातो, कारण ‘प्रिंट’ केल्याने चालू प्रोग्रॅममधला ‘आय’ खरोखर वाढतो. मोठा(आय++, जे) अशा, दोन्हींतली मोठी किंमत देणाऱ्या मॅक्रोत तर तो दोनदाही वाढेल.

येवलेकर
मग हे घडीसारखंच आहे. पैठणीच्या दुकानात घडी उलगडून दाखवतात आणि परत घालून ठेवतात. घडी मोडणं वेगळं: ते साडी पहिल्यांदा नेसणं, त्यानंतर ती कोरी राहत नाही. प्रीप्रोसेसर घडी मोडतो, डीबगर घडी उलगडून दाखवतो. दोन क्रियापदं घरातच आहेत.

पंचवटी_३
उलगडणं चांगलं आहे. फक्त ‘उलगडा’ हे नाम नको, त्याने रहस्य सुटल्यासारखं वाटतं.

गोदाकाठ
दाखवण्यालाच शब्द हवा तर ‘विग्रह’ घ्या. ‘राजवाडा’चा ‘राजाचा वाडा’ असा विग्रह केला तरी वाक्यात राजवाडाच राहतो. प्रीप्रोसेसरचा तो आदेश, डीबगरचा तो विग्रह. आणि लिहिताय तर डीबगरलाही ‘दोषशोधक’ लिहा.

पंचवटी_३
नको. दोष माणूस शोधतो. डीबगर प्रोग्रॅम थांबवतो आणि आत काय आहे ते दाखवतो. मराठी शब्दाने यंत्राबद्दल खोटी आशा लावू नये.

गोदाकाठ
इंग्रजी नावही तेवढीच आशा लावतं, ते मात्र चालतं.

सातपूर_बेंच
एल्फ फाइल फुगते म्हणून ‘-जी३’ टाळतात, बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत मावणार नाही अशी भीती असते. ती बरोबर आहे का?

अंबड_लिंकर
नाही. फुगते ती संगणकावरची एल्फ फाइल. हे विभाग चिपवर चढतच नाहीत, चिपवर चढणारी हेक्स फाइल आहे तेवढीच राहते. उलट एसटीएम३२ सारख्या चिपवर ‘-जी३’ हवंच, कारण हेडरमध्ये ‘जीपीआयओए’ (पिनांच्या एका गटाच्या रजिस्टरांचा पत्ता) हाही एक मॅक्रोच आहे. नुसत्या ‘-जी’वर ‘प्रिंट/एक्स जीपीआयओए->ओडीआर’ चालत नाही आणि मुलं रजिस्टरचे पत्ते हाताने टाकत बसतात. माहिती खरंच आली का, हे ‘रीडएल्फ --डीबग-डम्प=मॅक्रो’ने तपासा. येऊनही मॅक्रो सापडत नसेल तर फ्रेम, म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये थांबलाय ते, पाहा. मॅक्रोची व्याप्ती थांबलेल्या ओळीवरून ठरते, लायब्ररीच्या फंक्शनमध्ये थांबला असाल तर ‘अप’ करून आपल्या फाइलमध्ये या.

येवलेकर
‘स्टेप’ला (ओळ-ओळ पुढे जाण्याच्या आज्ञेला) टिपणात काय लिहिलंय? ‘पायरी’ म्हटलं तर मॅक्रोत पायरी उतरता येते का?

अंबड_लिंकर
नाही येत. दहा ओळींचा मॅक्रो असला तरी त्याच्या सगळ्या यंत्रसूचनांना, जिथे तो वापरला त्या एकाच ओळीचा क्रमांक लागतो. म्हणून ‘नेक्स्ट’ त्याला एका उडीत ओलांडतो आणि आतल्या ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबा) लागत नाही. ‘स्टेपआय’ने सूचनेगणिक जा. नाहीतर ‘जीसीसी -ई -पी’ने (फक्त प्रीप्रोसेसर चालवून) निघालेली ‘.आय’ फाइल सुटसुटीत ओळींत मांडून तीच बांधा. कायमचा उपाय हवा तर मॅक्रोच्या जागी ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन लिहा.

गोदाकाठ
ओलांडण्याला ‘पायरी’ कशी म्हणायची? पायरीवर पाय ठेवावा लागतो. ‘टप्पा’ बघा.